सावकाश सोडलेले औषध

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात इंदरगंज नावाची वस्ती आहे. शिंद्यांच्या राजवटीपासून त्या शहरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत व आजही त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. तेथील एका वाचक भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या चौदा महिन्यांच्या मुलास जांघेत अंतर्गळ, म्हणजे ज्यास आपण हर्निया म्हणतो तो, झाला असून लवकरच त्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांस सांगितले की, बाळास अगोदर झोपवू आणि मग माकडहाडाच्या वर एक सुई देऊ. तिच्यायोगे कमरेखालचा भाग बधिर राहील व जाग आल्यावरही बाळास काही तास वेदना जाणवणार नाहीत. जाता जाता ते एवढेच म्हणाले, "औषध आम्ही हळूहळू सोडतो, म्हणजे मेंदूवर दाब येत नाही." या शेवटच्या वाक्याने त्या माउलीची झोप उडाली. त्या लिहितात, "सुई कमरेखाली आणि दाब डोक्यात, हे कसे? माझ्या बाळाची टाळू अजून पुरती भरलेली नाही. सासूबाई म्हणतात, पाठीत सुई देऊच नका. संमतिपत्रावर सही करावी की करू नये?"

असा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो व बहुधा तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. आम्ही वैद्य नव्हे; अमुक बाळास अमुक सुई द्यावी की नाही हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे. परंतु कमरेच्या सुईचा डोक्याशी काय संबंध, आणि औषध सावकाश सोडण्यास एवढे महत्त्व का, हे समजून घेणे कोणत्याही आईबापांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

प्रथम ही सुई कोठे देतात ते पाहू. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे तिकोनी हाड असते व त्याखाली माकडहाड. त्रिकास्थी म्हणजे पाच मणके एकमेकांस जुळून झालेले हाड होय. मात्र शेवटच्या मणक्याची मागची कमान पुरती जुळत नाही व तेथे एक लहानशी खिडकी राहते. या खिडकीवर चिवट पापुद्रा असतो. बाळास कुशीवर निजवून, त्याचे गुडघे पोटाशी घेऊन, डॉक्टर बोटाने खिडकीच्या दोन्ही बाजूंची टोके चाचपतात आणि बारीक सुई पापुद्र्यातून आत सरकवितात. लहान मुलांत ही जागा सहज हातास लागते. वय वाढते तशी ती शोधणे अवघड होते. म्हणूनच मुलांच्या अंतर्गळाच्या व लघवीच्या जागेवरील शस्त्रक्रियांत ही रीत जगभर चालते. डॉक्टर मंडळी हिला 'कॉडल' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ शेपटीकडील असा आहे.

ही काही कालपरवाची युक्ती नव्हे. १९०१ साली फ्रान्समधील सिकार आणि कातलँ या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या वाटेने औषध देण्याची रीत प्रसिद्ध केली. १९३३ साली अमेरिकेतील कॅम्बेल यांनी ती मुलांवर वापरल्याचे लिहिले. पुढे १९७९ साली इंग्लंडमधील आर्मिटेज यांनी बाळाच्या वजनाप्रमाणे औषध किती द्यावे याचे सोपे प्रमाण घालून दिले. अगदी खालच्या भागापुरती बधिरता हवी असेल तर वजनाच्या दर किलोस अर्धा मिलिलिटर, जांघेपर्यंत हवी असेल तर एक मिलिलिटर, आणि त्याहून वर पोहोचावयाचे तर सव्वा मिलिलिटर, असे ते प्रमाण होते. आजही डॉक्टर त्याच्याच आसपास चालतात.

आता डोक्याच्या संबंधाकडे वळू. मेंदूपासून निघणारा मज्जारज्जू कण्याच्या पोकळीत खाली उतरतो. तो तेथे उघडा लोंबत नाही. एका लांबट पिशवीत, स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात तो असतो. हीच पिशवी वर कवटीत मेंदूसभोवती पसरलेली आहे. मेंदूभोवतीचे पाणी आणि कण्यातील पाणी ही दोन नव्हेत, एकच होत. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते. दिवसाकाठी जवळजवळ अर्धा लिटर नवे तयार होते व तितकेच रक्तात शोषले जाते. पिशवीच्या बाहेर, पण हाडांच्या नळीच्या आत, थोडी मोकळी जागा असते. तीत सैल चरबी आणि बारीक शिरा असतात. माकडहाडाजवळच्या खिडकीतून दिलेले औषध या बाहेरच्या मोकळ्या जागेत पडते, पिशवीत नव्हे.

पाण्याने भरलेली पखाल ज्यांनी पाहिली असेल त्यांस पुढचे लगेच कळेल. पखालीचा खालचा भाग बाहेरून दाबला की तिचे तोंडाकडील अंग ताठ होते. त्याचप्रमाणे कण्याच्या नळीत औषध शिरले की ते पिशवीस बाहेरून दाबते, आणि पिशवीतील पाणी वर डोक्याकडे सरकते.

डोक्यात ते पाणी मावावयास जागा किती? कवटी हे हाडांचे बंद भांडे आहे. तिच्यात तीनच वस्तू असतात : मेंदू, रक्त आणि हे पाणी. स्कॉटलंडमधील मन्रो यांनी १७८३ साली आणि केली यांनी १८२४ साली मांडलेला विचार वैद्यकात आजही शिकविला जातो. तो असा, की या तिहींपैकी एकाची मात्रा वाढली तर दुसऱ्याची घटली पाहिजे. नाही तर आतला दाब वाढणार. एरवी डोक्यात दाब वाढू लागला तर थोडे पाणी खाली कण्याकडे उतरते व वरचा भार हलका होतो. परंतु येथे खालूनच दाब आलेला असतो; म्हणजे जी नेहमीची सुटकेची वाट, तीच घटकाभर अडलेली असते. अशा वेळी डोक्यातील अशुद्ध रक्त शिरांवाटे बाहेर सरकून जागा करून देते. तेवढ्यानेही भागले नाही तर दाब चढतो व मेंदूस होणारा रक्ताचा पुरवठा किंचित मंदावतो.

इंदरगंजच्या बाळाचे वजन दहा किलो आहे असे पत्रात लिहिले आहे. दर किलोस एक मिलिलिटर या हिशेबाने त्याला दहा मिलिलिटर औषध लागेल. एवढ्या बाळाच्या मेंदू व कण्याभोवती मिळून पाणी किती असते? दर किलोस सुमारे चार मिलिलिटर, म्हणजे चाळीसच्या आसपास. मोठ्या माणसात हेच प्रमाण दर किलोस दोन मिलिलिटर असते. चाळीस मिलिलिटर पाण्याच्या पिशवीशेजारी दहा मिलिलिटर औषध येऊन बसते, हे ध्यानात घेतले म्हणजे डॉक्टर हात आखडून का चालतात हे कळते.

हा नुसता तर्क नव्हे. १९९६ साली ग्रोकॉट आणि मच यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखविले की, कण्याच्या त्या बाहेरच्या जागेत द्रव सोडला असता डोक्यातील दाब वाढतो, आणि तो अगोदरच वाढलेला असेल तर परिणाम अधिक गंभीर होतो. मुलांच्या डोक्यात सुई घालून दाब मोजणे अर्थातच योग्य नव्हे. त्यासाठी डॉक्टरांनी निराळ्या वाटा शोधल्या. डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेभोवती त्याच पाण्याच्या पिशवीचे म्यान असते. डोक्यात दाब वाढला की हे म्यान फुगते. झोपलेल्या बाळाच्या मिटलेल्या पापणीवर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून, बुबुळाच्या मागे तीन मिलिमीटरवर, म्यानाची रुंदी मोजता येते. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी या रीतीने पाहणी केली व ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. दर किलोस एक मिलिलिटर औषध दिलेल्या मुलांपेक्षा दीड मिलिलिटर दिलेल्या मुलांत हे म्यान अधिक फुगल्याचे त्यांस आढळले. त्यापूर्वी २०१४ साली युरोपातील डॉक्टरांनी अर्भकांस दर किलोस दीड मिलिलिटर औषध दिल्यावर मेंदूतील रक्ताचा वेग व प्राणवायू थोडा वेळ घटतो असे नोंदविले होते.

या दोन्ही पाहण्यांतील 'दीड मिलिलिटर' हा आकडा वाचकांनी विसरू नये. औषध किती, हा पहिला प्रश्न. किती वेगाने, हा दुसरा. गरजेपेक्षा अधिक औषध हळू सोडले तरी ते अधिकच राहते. तसेच हेही सांगितले पाहिजे की, निरोगी बाळाच्या डोक्यातील दाब दिवसातून कितीदा तरी वरखाली होत असतो. बाळ रडू लागले, खोकले, कुंथले की त्याची टाळू ताठ होते आणि शांत झाले की बसते, हे प्रत्येक आईने पाहिलेले आहे. सुईनंतरची वाढही अशीच येते आणि ओसरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोनोग्राफीने असे दिसले की, औषध दिल्याबरोबर चेपलेली पिशवी काही वेळाने पुन्हा भरून येते. वर ढकललेले पाणी आपल्या जागी परतते.

मग वेगाचे एवढे काय? आपल्या शेतकरी वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. पाटाचे पाणी एकदम सोडले तर वाफ्याचा बांध फुटतो. तेच पाणी बेताने सोडले तर जमीन ते पीत जाते आणि बांधास धक्का लागत नाही. कण्याच्या नळीतही असेच घडते. दोन दोन मणक्यांच्या मधून जेथे नसा बाहेर पडतात तेथे बारीक वाटा असतात. लहान मुलांत त्या मोकळ्या असतात आणि औषधाचा काही अंश त्यांतून पाझरून जातो. डोक्यातील शिरांतले रक्त बाहेर सरकावयासही अवधी लागतो. औषध भर्रकन ढकलले तर या वाटांस आपले काम करण्याची सवड मिळत नाही. सारा दाब एकाच वेळी पिशवीवर येतो व त्याचे टोक उंच चढते. सावकाश सोडले तर तेच औषध, तेवढेच औषध, पण चढ लहान. मोठ्या माणसांत कण्याच्या या जागेत पुष्कळ द्रव जोराने सोडल्यानंतर डोळ्याच्या आतील पडद्यात रक्तस्राव होऊन दृष्टी अधू झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. डोळ्याच्या नसेभोवतीचे ते म्यान आठवले म्हणजे कारण उघड होते.

घाईने काही अधिक पदरात पडते म्हणावे तर तसेही नाही. व्हिएन्ना येथील डॉक्टरांनी २०१२ साली दोन वेगांची तुलना प्रसिद्ध केली. काही मुलांस सेकंदास पाव मिलिलिटर आणि काहींस सेकंदास अर्धा मिलिलिटर या वेगाने औषध दिले, आणि ते कण्यात किती वर चढते हे सोनोग्राफीने पाहिले. फरक आढळला नाही. म्हणजे जोराने ढकलल्याने औषध अधिक उंच पोहोचते ही समजूत त्या पाहणीत टिकली नाही. आता आपल्या दहा किलोच्या बाळाचा हिशेब करा. सेकंदास अर्ध्या मिलिलिटरने दहा मिलिलिटर सोडावयास वीस सेकंद लागतात; पाव मिलिलिटरने चाळीस. फरक वीस सेकंदांचा!

सावकाशपणाचा आणखी एक लाभ आहे आणि तो याहून कमी मोलाचा नाही. त्या मोकळ्या जागेत शिरांचे जाळे असते. सुईचे टोक नकळत एखाद्या शिरेत गेले तर बधिर करणारे औषध थेट रक्तात मिसळून झटके येऊ शकतात, हृदयाची गती बिघडू शकते. म्हणून डॉक्टर प्रथम सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त वा पाणी येते काय ते पाहतात, मग अगदी थोडे औषध सोडून हृदयाच्या आलेखाकडे नजर ठेवतात, मग पुन्हा थोडे. मध्ये मध्ये थांबणारा हात चूक वेळीच ओळखतो. एका दमात सारे ढकलणाऱ्या हातास ती उशिरा कळते.

आता सासूबाईंच्या भीतीविषयी. तिला हसू नये. पाठीत सुई दिली की पोर पांगळे होते, ही समजूत आपल्या गावांतूनही आहे व तिच्यापायी मेंदूज्वराच्या संशयातही कण्यातील पाणी तपासू न देणारे पालक भेटतात. परंतु शरीराची रचना पाहावी. जन्माच्या वेळी मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळ संपतो, आणि मूल वाढते तसे त्याचे टोक वर, पहिल्या मणक्याच्या आसपास, जाते. माकडहाडाजवळची खिडकी त्याच्या पुष्कळ खाली आहे. पाण्याची पिशवी मात्र त्रिकास्थीपर्यंत उतरलेली असते. म्हणून डॉक्टर सुई आत फार पुढे नेत नाहीत. २०१८ साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली. तीत मुलांस दिलेल्या अशा जागेपुरत्या बधिरतेची एक लाखाहून अधिक प्रकरणे होती. नसांची कायमची हानी झालेले एकही मूल त्यांत आढळले नाही. धोका मुळीच नाही असे कोणी प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. परंतु पांगळेपणाची धास्ती वस्तुस्थितीस धरून नाही.

खरी सावधगिरी दुसरीकडे हवी. ज्या बाळाच्या डोक्यात दाब अगोदरच वाढलेला आहे, त्याच्यासाठी ही लहानशी वाढही लहान नसते. डोक्यात पाणी साचण्याचा विकार, त्यासाठी बसविलेली शंट नावाची नळी, डोक्यास झालेली इजा, मेंदूतील गाठ, मेंदूज्वर, अपुऱ्या दिवसांच्या बाळास झालेला मेंदूतील रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल किंवा होऊन गेले असेल तर ते डॉक्टरांस सुईपूर्वी कळलेच पाहिजे. बाळ शांत बसलेले असतानाही टाळू फुगलेली व ताठ राहते काय? डोके झपाट्याने मोठे होत आहे काय? सकाळी उठताच उलट्या, नेहमीहून जास्त गुंगी, नजर खाली ओढल्यासारखी दिसणे, आकडी, यांतले काही दिसले आहे काय? पाठीच्या तळाशी खळगा, केसांचा झुबका किंवा फोड आहे काय? घरात कोणास रक्त लवकर न थांबण्याचा विकार आहे काय? या साऱ्यांचे उत्तर आईबापांपाशीच असते.

आणि येथेच आपले लोक चुकतात. मुलास आकडी येऊन गेली हे लपविले जाते. लोक काय म्हणतील, पुढे लग्नात अडथळा येईल, या विचाराने आजीही गप्प बसते आणि आईही. ज्या डॉक्टरांच्या हाती बाळ द्यावयाचे त्यांच्यापासूनच लपविलेली गोष्ट बाळास घातक ठरू शकते. शेजाऱ्यांस सांगू नका हवे तर. पण डॉक्टरांस सांगा.

टाळू उघडी असल्यामुळे बाळ सुरक्षित आहे काय, असाही प्रश्न पत्रात दडलेला आहे. टाळू साधारणतः दीड वर्षापर्यंत भरते. तेव्हा चौदाव्या महिन्यात ती थोडी उघडी असणे यात वावगे काही नाही. हळूहळू वाढणाऱ्या दाबास ती थोडी जागा देते; म्हणूनच पाणी साचणाऱ्या अर्भकाचे डोके मोठे होत जाते. परंतु टाळूखालचे आवरण रबरासारखे ताणत नाही, म्हणून अचानक आलेल्या दाबाविरुद्ध तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. उघडी टाळू हे भयाचे कारण नव्हे, तसेच निष्काळजीपणाचा परवानाही नव्हे.

तेव्हा आमच्या भगिनींस आमचे उत्तर असे. ज्या डॉक्टरांनी आपण होऊन "हळूहळू सोडतो" असे सांगितले, त्यांनी भिण्याजोगे काही सांगितले नाही. उलट आपल्या कामाची जाण दाखविली. मनातील शंका त्यांस पुन्हा विचाराव्यात : औषध वजनाप्रमाणे किती देणार? बाळाच्या डोक्याविषयी काही शंका वाटते काय? तशी शंका असल्यास दुसरा मार्ग कोणता? कारण दुसरे मार्ग आहेत. जांघेजवळच्या नसांभोवती औषध देऊन तेवढाच भाग बधिर करता येतो व कण्याच्या नळीस हात लावावा लागत नाही. बाळास डोक्याचा विकार असेल तर मुलांना भूल देण्याचा सराव असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. ग्वाल्हेरात १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे जयारोग्य रुग्णालय आहे. आपल्या मुंबईकडील वाचकांसाठी परळला वाडिया मुलांचे रुग्णालय आहे.

शस्त्रक्रियेनंतर घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. बधिरता काही तास टिकते, तोवर बाळाचे पाय लुळे वाटतील. त्यास उभे करू नये, आणि पायास वा कमरेस शेक मुळीच देऊ नये, कारण भाजलेले त्यास कळणार नाही. उलट्या थांबत नसतील, बाळ नीट जागे होत नसेल, आकडी आली, लघवी झाली नाही, किंवा डॉक्टरांनी सांगितलेला वेळ उलटूनही पाय हलत नसतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दारापाशी उभे असलेले नातलग दर पाच मिनिटांनी "अजून किती वेळ?" म्हणून विचारतात. प्रेमापोटीच विचारतात, परंतु आतील माणसांस घाई करावयास लावणे हे प्रेमाचे काम नव्हे. बाळाविषयी जे ठाऊक आहे ते सारे अगोदर सांगावे, जे ठाऊक नाही ते निःसंकोच विचारावे, घरातील वडीलधाऱ्यांसही समजावून सांगावे, आणि मग शांत मनाने सही करून डॉक्टरांस त्यांचा वेळ घेऊ द्यावा.